बेरीज न करणारे हमीदभाई

हमीदभाई खोतांना साधा प्रश्न विचारला तरी सरळ उत्तर मिळेल तर शपथ! "हमीदभाई, कँटीनचा चहा आज बरा आहे का हो?" असं विचारावं, तर म्हणायचे, "कशावर प्यायचाय त्यावर आहे, पाटीलबाई. भजी खाऊन प्यायलात तर बरा. नुसता प्यायलात तर काढा." अस्सा राग यायचा! मी तोंडावर म्हणायची, "अहो, होय की नाही, तेवढं सांगा ना!" त्यावर ते चष्मा कपाळावर सरकवून मिशीतल्या मिशीत हसायचे. आता ते नाहीत, आणि ही खोड मला लागली आहे. घरात कुणी म्हणालं, "अमका माणूस काही कामाचा नाही," की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "कशावरून? मोजलास तेव्हा त्याच्या शेजारी कोण होतं?" मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, आईचं वय झालं.

आम्ही दोघं अणुभट्टीच्या आकडेमोडीच्या विभागात होतो. मी भिवंडीजवळच्या खारबावची, आगऱ्याची पोर, गणितात एमएस्सी करून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चिकटले. वडिलांना नोकरी समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. "म्हंजे तू बॉम बनवतंस काय गो?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "न्हाय बाबा, वीज." "मंग सरळ बोर्डात नोकरी हाय म्हन ना!" विषय संपला. गावात मी शेवटपर्यंत वीजबोर्डातच होते.

काम असं होतं. भट्टीच्या पोटात न्यूट्रॉन नावाचे बारीक कण हिंडत असतात, एकातून दुसरे जन्मत असतात. ते फार वाढू नयेत म्हणून वरून लांब रॉड आत सोडतात. रॉड न्यूट्रॉन गिळतो, भट्टी शांत होते. रॉड वर ओढला की ती पुन्हा चढते. कुठला रॉड कुठवर घातला तर भट्टी किती शांत होईल, हे आधी कागदावर काढून द्यायचं. बस्स. ऐकायला सोपं, करताना डोळ्यांपुढे काजवे.

पहिल्याच आठवड्यात हमीदभाईंनी मला दोन रॉडांचा हिशेब दिला. मी एकेकट्या रॉडचा परिणाम काढला, दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि ऐटीत कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ तो पाहिला.

"हे अधिकचं चिन्ह तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शाळेत!" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"शाळेत आंबे मोजतात. हे आंबे नव्हेत. तुमच्याकडे लग्नाची पंगत बसते ना? पहिल्या माणसानं भाताचं घमेलं रिकामं केलं, तर शेजारी बसलेला कितीही खादाड असो, खाणार काय? रॉडचं तसंच. एक आत असला की त्याच्या आसपासचे न्यूट्रॉन तो संपवून टाकतो. दुसरा शेजारी घाला, त्याला काही उरतच नाही. तुम्ही म्हणाल, हा दुसरा अगदी कुचकामी. कुचकामी नाही हो! पहिला वर ओढून बघा, मग कळेल याचा जोर."

मी कागद मागे ओढला. आणि ते बोट नाचवत पुढे म्हणाले, "म्हणून आकडा दिसला की पहिलं विचारायचं, मोजताना शेजारी कोण होतं. ते कळल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही."

दुसरा धडा त्याच दिवशी संध्याकाळी, बसची वाट बघताना मिळाला. भट्टी सुरक्षित आहे का, हे तपासताना सगळे रॉड आत पडले असं धरायचं नाही. त्यातला सगळ्यात जोरदार रॉड वरच अडकून बसलाय, वेळेला तो येणारच नाही, असं धरायचं. उरलेल्यांना जमतं का बघायचं. "जमलं तर घरी जाऊन झोपा," हमीदभाई म्हणाले. "नाही जमलं तर झोपेचं नाव काढू नका." हा काही त्यांचा शोध नव्हता, आमच्या धंद्यातला सगळीकडचा नियम आहे. पण ते तो असा सांगायचे, जणू घरातल्या मोठ्या माणसानं बजावून ठेवलाय.

माणूस दिसायला काडीपैलवान. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि केसांत, कॉलरवर, कधी कधी भुवयांवरसुद्धा कापसाची बारीक तूस. भिवंडीत त्यांच्या घरामागेच यंत्रमागांची, म्हणजे लूमची, शेड होती, सकाळी निघताना त्यातून चक्कर मारल्याशिवाय त्यांचा पाय बाहेर पडत नसे. लग्नानंतर मी भिवंडीलाच राहायला गेले, तेव्हापासून ठाण्यापर्यंतची सकाळची एसटी आमची एकच. स्टँडवर भेटलो की मी म्हणायची, "हमीदभाई, आज पुन्हा पिकलात!" ते रुमालानं डोकं झाडायचे. उपयोग शून्य. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी एकदाच विचारलं. "राहून गेलं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

साहेबलोकांशी त्यांचं फारसं जमत नसे. भांडायचे नाहीत, पण हलायचेही नाहीत. एकदा एका नव्या साहेबाला बैठकीत आकडा दाखवायची भारी घाई झाली. कॉम्प्युटरवर आमची पाळी यायला वेळ होता. तेव्हा पंच कार्डांचे गठ्ठे देऊन ताटकळत बसावं लागायचं. साहेब म्हणाला, सुट्या रॉडांचे आकडे आहेत ना, करा बेरीज, थोडा इकडेतिकडे फरक पडेल. हमीदभाई म्हणाले, "तुम्ही करा साहेब, माझं नाव तेवढं खोडा." साहेब लालबुंद. पुढे कार्डं चालली, खरा आकडा आला, तो बेरजेहून बराच कमी होता, पण भट्टीला पुरेसा होता. साहेबानं संधी साधली. "बघा, पुरेसंच होतं ना? उगीच अडून बसलात!"

"होतंच पुरेसं," हमीदभाई शांतपणे म्हणाले. "आता ते आपल्याला माहीतही झालं."

त्या वर्षी त्यांची बढती हुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आईच्या हातचं सांदण आणलं, आणि पहिला तुकडा त्या साहेबालाच नेऊन दिला. मला इतकं खटकलं! म्हटलं, "ह्याला कशाला?" म्हणाले, "अम्मानं सांगितलंय, ज्याच्याशी बिनसलं त्याला आधी द्यायचं."

ही अम्मा मी पहिल्यांदा पाहिली ती एका ईदेला. गल्लीत शिरलं की लूमचा खडखडाट कानांत घुसायचा, पण त्या दिवशी शेड बंद, म्हणून गल्ली कशी अनोळखी वाटत होती. पुढे लांबच लांब ओटा, मागे अंगण, अंगणापलीकडे शेड. अम्मा आतल्या खोलीत पलंगावर बसलेली, इवलीशी म्हातारी, डोईवर पदर. "हमीदच्या हापिसातली ना गो तू? ये पोरी, बस. काय वाळलीस, खातेस की नाय?" अशी बोलली, की मला माझी मावशीच भेटल्यासारखं वाटलं.

मी शीरखुर्मा तोंडात घातला नाही, तोच अंगणात आवाज चढले. हमीदभाई तिघा भावांतले मधले. थोरले उस्मानभाई, लूम सांभाळायचे, अंगानं जाड, बोलायला तिखट. धाकटा सलीम, देखणा, डोक्यात सतत काही नवं. सणाच्या दिवशी दोघांचं जुंपलं होतं.

"भाई, हे लूम भंगारात घाला आता!" सलीम ओरडत होता. "शहराबाहेर दापोड्याला जमीन पडलीय आपली. गोदाम बांधू. सगळं मार्केट तिकडे चाललंय, तुम्हीच एक इथे धाग्याला लटकलाय!"

"बापानं लावलेले लूम भंगार? जबान संभाल के बात कर!" उस्मानभाईंनी हातातली वाटी खाली आदळली.

हमीदभाई उठले. मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं सांगतील. कसलं काय! ते गेले, दोघांच्या मधोमध पडलेल्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "सलीम, जरा पाणी दे रे. भाई, पंखा सोडा ना, उकडतंय." एकानं पाणी आणलं, दुसऱ्यानं पंखा सोडला. तेवढ्यात आतून अम्माचा आवाज आला, "उस्मान, सलीम, पावणी आलीय घरात." आणि भांडण विझलं. अगदी विझलंच. थोड्या वेळानं दोघं भाऊ एकाच ताटातून खात होते.

परत येताना मी हमीदभाईंना म्हटलं, "तुम्ही नसता तर आज डोकी फुटली असती." ते हसले. "मी काय केलं? पाणी मागितलं. हे सगळं अम्माचं आहे. ती आत बसलीय म्हणून घर उभं आहे."

त्यानंतर काही वर्षांनी त्यांना दक्षिणेकडच्या एका केंद्रावर बोलावणं आलं. तिथे नवी भट्टी सुरू व्हायची होती. आमच्या विभागानं रॉडांचे जे परिणाम कागदावर काढले होते, ते तिथे प्रत्यक्ष मोजून पडताळायचे होते. दोनेक वर्षांचं काम. जन्मभर कागदावर काढलेली गोष्ट डोळ्यांनी बघायची, असं भाग्य आमच्यात किती जणांना मिळतं? तरी ते कुढत होते. घर सोडायचं जिवावर आलं होतं. उस्मानभाई आणि सलीम यांच्यात दापोड्याच्या जमिनीवरून पुन्हा कुरबुरी चालू होत्या.

मग एक दिवस एसटीत मला म्हणाले, "पाटीलबाई, मी हिशेब केला. मागे प्रशिक्षणाला महिनाभर बाहेर होतो, आठवतं? घरात काही बिघडलं नाही. दोघं भांडले, अम्मा ओरडली, गप्प झाले. म्हणजे घरातला माझा परिणाम जवळजवळ शून्य. मी उगीच स्वतःला मोठा समजत होतो." आणि खुशीत हसले. मीही हसले. "चला, सुटलात एकदाचे," असं काहीतरी मी म्हटलं. सगळी बस ऊन खात ठाण्याकडे चालली होती, आणि हमीदभाई इतके मोकळे झालेले मी कधी पाहिले नव्हते.

तिकडून त्यांचे फोन यायचे. आवाजात नुसता आनंद. एक रॉड हळूहळू वर ओढायचा, भट्टी किती चढते ते मोजायचं, मग शेजारचा आत घालून तेच पुन्हा. "जुळतंय हो, जुळतंय! कागदावर काढलं तस्संच!" विभागात आम्ही पेढे वाटले. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता, असं मला वाटतं. म्हणून त्याची आठवण निघाली की जास्तच वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी अम्मा गेली. झोपेतच गेली. हमीदभाई कसेबसे पोचले, माती दिली, आणि चार दिवसांत त्यांना परत जावं लागलं. भट्टी ऐन मोक्यावर होती, त्यांच्या जागी बसवायला दुसरा माणूस नव्हता. निघताना दोन्ही भाऊ त्यांना स्टँडवर सोडायला आले होते. मीही होते. दोघं रडत होते, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. कुणालाही वाटलं असतं की आता हे जन्मात भांडणार नाहीत.

पण अम्माचा चाळिसावा दिवस होतो न होतो तोच वाद पेटला. कशावरून, ते आता दोघांनाही नीट सांगता यायचं नाही. दापोड्याची जमीन होतीच, शिवाय अम्माच्या पलंगाची खोली कुणाची, इथपर्यंत गेलं. सलीम काही बोलला, उस्मानभाईंनी हात उचलला. आत ओरडायला कोणी नव्हतं, मधे पाणी मागायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गवंडी आले. अंगणातून, शेडमधून, सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत निघाली. निम्मे लूम उस्मानभाईंकडे राहिले. सलीमनं त्याच्या वाटणीचे खरंच भंगारात घातले आणि दापोड्याला गोदामाचा पाया खणला. मला हे कळलं तेव्हा भिंत पुरी झाली होती. हमीदभाईंना घरून कोणी कळवलंच नव्हतं, आणि फोनवर सांगायची माझीही छाती झाली नाही. दोघांनाही वाटलं असणार, दुसरा सांगेल.

ते परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसले. शर्टावर तूस नव्हती. चहा तसाच पुढ्यात.

"माझी चूक कुठे झाली ते सापडलं," ते म्हणाले. मला वाटलं, भट्टीच्या हिशेबातली. मी म्हटलं, "अहो, पण सगळं जुळलं म्हणालात ना?"

"ते जुळलं. घराचं म्हणतोय." ते हळूहळू बोलत होते, विद्यार्थ्याला सांगावं तसे. "मी महिनाभर नव्हतो आणि काही बिघडलं नाही. बरोबर. पण तेव्हा अम्मा आत होती. ती असताना मी स्वतःला मोजलं. तिच्या शेजारी माझा परिणाम शून्यच दिसणार ना? आणि सुरक्षेचा हिशेब करताना काय धरायचं असतं, पाटीलबाई? सगळ्यात जोरदार रॉड नाहीच, असं धरायचं. पंचाहत्तरी उलटलेली बाई! ती कधीतरी नसणार, हे धरायला नको होतं? इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलं. एकानं माझ्यापुढे असा कागद आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता."

 मी म्हटलं, "हमीदभाई, घर म्हणजे भट्टी नाही हो. माणसं भांडतातच. तुम्ही असतात तरी झालं असतं."

"कदाचित," ते म्हणाले. "पण आता ते मोजता येणार नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, तेही भर कँटीनमध्ये, चार टेबलांवर लोक बसलेले असताना. मलाही आवरेना.

पुढची सगळी वर्षं त्यांनी एकच काम केलं. ऑफिसात रॉड आणि घरी भाऊ. झोपायचे उस्मानभाईंकडे, जेवायचे सलीमकडे. दोघांच्या बायका बिचाऱ्या भल्या होत्या, भिंतीवरून एकमेकींना वाट्या देत. पण हे दोघे पुरुष एकमेकांची सावली टाळायचे. हमीदभाईंनी काय काय नाही केलं! एकदा आजारी असल्याचं सोंग केलं. दोघं धावत आले, एक येऊन गेल्यावर दुसरा. एकदा दोघांनाही एकाच वेळी जेवायला माझ्या घरी बोलावलं, मला न विचारता! मी रागावले, तरी हलवा मासळीचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या. उस्मानभाई जिन्यात आले, दारात सलीमच्या चपला पाहिल्या आणि तसेच उतरले. ते कालवण आम्ही तिघांनी मुकाट्यानं खाल्लं. सलीम दोनदा म्हणाला, "भाभी, मस्त झालंय." हमीदभाईंनी घास मोडला तेवढाच.

"सोडून द्या आता," मी म्हणायची. "तुमच्या जिवाला किती त्रास करून घेता?" ते म्हणायचे, "मरायच्या आत एकदा दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकायचंय. भांडले तरी चालेल. पण एकमेकांशी." दुसरं काही मागणंच नव्हतं त्यांचं. बढती नाही, पैसा नाही, हज नाही. एवढं एकच.

निवृत्तीनंतर वर्षभरात मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायला ठाण्याला न्यावं लागे. ते गेले तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणाला परगावी होते, कळलं तोवर माती झालेली. त्यामुळे माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीच्या एका संध्याकाळचं.

मी भेटायला गेले, तर खाट ओट्यावर आणून टाकलेली. घर वाटलं होतं, अंगण वाटलं होतं, पण पुढचा ओटा तेवढा सामायिक राहिला होता. भिंत त्याच्या मागे येऊन थांबली होती. हमीदभाईंनी हट्टानं खाट बरोबर त्या भिंतीच्या तोंडाशी लावून घेतली होती. अंगावर नुसती कातडी उरलेली. मला बघून हसले. "बसा, पाटीलबाई. इथे वारा चांगला येतो." वारा कसला, गल्लीपलीकडच्या शेडची धूळ येत होती. मला कळलं ते इथे का झोपलेत ते.

थोड्या वेळानं उस्मानभाई बाहेर आले, खाटेच्या उशाच्या बाजूला खुर्चीत बसले. केस पार पांढरे झाले होते. मग दुसऱ्या दारातून सलीम आला, हातात हमीदभाईंसाठी चहाचा कप. तो पायथ्याशी टेकला. दोघांच्या मधे फक्त एका खाटेचं अंतर होतं.

"हमीद," उस्मानभाई म्हणाले, "विचार त्याला, उद्या ठाण्याला त्याची गाडी आहे ना?"

"सलीम, उद्या गाडी आहे ना, भाई विचारतोय."

"आहे म्हणावं."

"आहे म्हणतो."

असं चाललं होतं. मला ते ऐकवेना. मी पदराशी चाळा करत बसले. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, हमीदभाईंनी डोळे मिटले होते. मान एका अंगाला टाकली होती. झोप नव्हती ती. पापण्या थरथरत होत्या, श्वास रोखून धरल्यासारखा चालला होता. मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढलंय, मला लगेच कळलं काय चाललंय ते. ते स्वतःला मधून काढून घेत होते. आपण नसलो तर काय होतं, ते बघत होते.

"हमीद," उस्मानभाई म्हणाले. "त्याला विचार, निघायचं किती वाजता?"

हमीदभाई हलले नाहीत.

सलीमनं ते ऐकलं होतं. त्याच्या ओठांशी उत्तर आलेलंही मी पाहिलं. त्यानं भावाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. उस्मानभाईंनी घसा खाकरला. बोला हो, मी मनातल्या मनात ओरडत होते, एक शब्द बोला, ते ऐकतायत! आतून सलीमची बायको डोकावली आणि तशीच दारात थबकली. लूमचा खडखडाट तेवढा चालू होता. चहावर साय धरली. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी तो संपता संपेना. दोघंही तोंडं फिरवून बसून राहिले.

हमीदभाईंनी डोळे उघडले. पायथ्याकडे बघितलं.

"सलीम, उद्या किती वाजता निघायचं, भाई विचारतोय."

"आठला."

मान वळवायला त्यांना जरा वेळ लागला.

"भाई," ते म्हणाले, "आठला म्हणतो."